ब्राउझरमध्ये कुलूप दिसते, जावा मात्र प्रमाणपत्र नाकारतो: टॉमकॅटवरील एसएसएल विश्वासाच्या त्रुटीचा शोध

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टॉमकॅट ९ (जावा-अ‍ॅप चालवणारा वेब-सर्व्हर) आणि जावा ११ यांवर चालणाऱ्या सेवेसाठी आपण मान्यताप्राप्त संस्थेकडून नवे एसएसएल प्रमाणपत्र घेतले, पीएफएक्स फाइल (खासगी की आणि प्रमाणपत्र एकत्र ठेवणारी फाइल) तयार करून ते ८४४३ या पोर्टवर बसवले आणि क्रोममध्ये पत्ता उघडल्यावर सारे सुरळीत दिसले. परंतु त्याच सेवेला विनंती पाठवणारी दुसरी जावा प्रणाली ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड… अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट’ असे म्हणून जोडणी तोडते. आपण तेच प्रमाणपत्र टॉमकॅटच्या की-स्टोअरमध्ये (की व प्रमाणपत्रे साठवणाऱ्या फाइलमध्ये) दोनदा इम्पोर्ट केले, सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू केला, पण फरक पडला नाही. आता एका सहकाऱ्याने सगळ्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवणारा कोड लिहावा, असे सुचवले आहे.

तो कोड लिहू नये. त्याची कारणे पुढे येतीलच. त्याआधी ही त्रुटी कोण देत आहे आणि दुरुस्ती कोणाच्या बाजूला करायची आहे, हे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत, कारण बहुतेकांची फसगत नेमकी येथेच होते. पीकेआयएक्सची, म्हणजे प्रमाणपत्रांची साखळी तपासण्याच्या नियमांची, ही त्रुटी नेहमी प्रमाणपत्र तपासणाऱ्याच्या लॉगमध्ये उमटते, म्हणजे येथे विनंती पाठवणाऱ्या प्रणालीच्या. टॉमकॅटच्या लॉगमध्ये त्या वेळी फार तर ‘रिसीव्हड फेटल अलर्ट: सर्टिफिकेट अननोन’ एवढेच दिसते आणि त्याचा अर्थ इतकाच की समोरच्याने आपले प्रमाणपत्र मानले नाही. पण तक्रार क्लायंट, म्हणजे विनंती पाठवणारा, करतो म्हणून दोष त्याचाच असतो असे नाही. माझ्या अनुभवात, बाजारातून घेतलेले प्रमाणपत्र असेल तर दहापैकी आठ वेळा चूक सर्व्हरच्या बाजूला असते, आणि संस्थेच्या स्वतःच्या अंतर्गत प्रमाणपत्र-यंत्रणेचे प्रमाणपत्र असेल तर हे प्रमाण जवळजवळ उलटे होते. आपले प्रकरण पहिल्या प्रकारचे आहे.

क्रोममध्ये कुलूप दिसले हा पुरावा येथे चालत नाही. सर्व्हरचे प्रमाणपत्र क्वचितच थेट रूट प्रमाणपत्राने (प्रमाणपत्र-संस्थेच्या सर्वांत वरच्या, मूळ प्रमाणपत्राने) सही केलेले असते. मध्ये एक, कधी दोन इंटरमिजिएट प्रमाणपत्रे असतात. क्लायंटजवळ फक्त रूट साठवलेले असते, त्यामुळे मधला दुवा सर्व्हरनेच आपल्या प्रमाणपत्रासोबत पाठवायचा असतो. तो पाठवला नाही, तर क्रोम प्रमाणपत्रात नोंदवलेल्या पत्त्यावरून हरवलेले इंटरमिजिएट स्वतःच उतरवून घेतो. फायरफॉक्स तर ज्ञात इंटरमिजिएट प्रमाणपत्रांची यादी आधीच जवळ बाळगतो. सर्व्हरची चूक ब्राउझर अशी गुपचूप झाकून घेतात. जावामध्येही प्रमाणपत्रातील त्या पत्त्यावरून दुवा आणण्याची सोय आहे, पण ‘कॉम डॉट सन डॉट सिक्युरिटी डॉट एनेबल-एआयए-सीए-इश्युअर्स’ ही प्रॉपर्टी मूलतः बंद असते आणि ती चालू करून सर्व्हरची चूक क्लायंटमध्ये लपवणे मला पसंत नाही. आज आपण एका क्लायंटमध्ये ती चालू कराल आणि उद्या पायथनमध्ये लिहिलेला दुसरा क्लायंट त्याच दगडाला ठेचाळेल.

म्हणून ब्राउझर बंद करून ओपनएसएसएल या आज्ञा देऊन चालवायच्या साधनाला विचारावे. ‘एस-क्लायंट’ या उपआज्ञेला ‘कनेक्ट’ पर्यायात यजमाननाव (होस्टनेम) व पोर्ट द्यावे, ‘सर्व्हरनेम’ पर्यायात तेच नाव पुन्हा द्यावे आणि ‘शोसर्ट्स’ जोडावे. उत्तराच्या सुरुवातीलाच ‘सर्टिफिकेट चेन’ या मथळ्याखाली शून्य, एक, दोन असे क्रमांक असतात आणि प्रत्येक क्रमांकापुढे ते प्रमाणपत्र कोणाचे आणि ते कोणी दिले, या दोन ओळी असतात. शून्य क्रमांकाची ‘देणारा’ ही ओळ एक क्रमांकाच्या ‘कोणाचे’ या ओळीशी अक्षरशः जुळली पाहिजे, आणि ही जुळणी शेवटपर्यंत तशीच टिकली पाहिजे. केवळ शून्य क्रमांकच दिसत असेल, आणि शेवटी पडताळणीचा संकेतांक २१ आला असेल, तर पुढचा शोध घेण्याची गरजच नाही: इंटरमिजिएट पाठवलेच जात नाही. संकेतांक १८ म्हणजे स्वतःच स्वतःवर सही केलेले प्रमाणपत्र, १९ म्हणजे साखळी पूर्ण आहे पण तिचे रूट या यंत्राला अनोळखी आहे, आणि १० म्हणजे मुदत संपली आहे. हे आकडे पाठ झाले की पुष्कळ वेळ वाचतो.

आपल्या वर्णनावरून मला २१ची अपेक्षा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सहसा एका झिप फाइलमध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि इंटरमिजिएटचा गठ्ठा अशा वेगवेगळ्या फाइली पाठवतात. पीएफएक्स तयार करणारा माणूस घाईत खासगी की आणि पहिली फाइल एवढेच घेतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या सर्टबॉट या साधनामध्येही ‘सर्ट’ आणि ‘फुलचेन’ या दोन फाइली शेजारी शेजारी असतात आणि नावावरून ‘सर्ट’ हीच हवी असे वाटते. हवी असते ती ‘फुलचेन’.

याची दुसरी खूण की-स्टोअरमध्येच सापडते. जावासोबत येणाऱ्या कीटूल या साधनाला ‘लिस्ट’ आणि त्यासोबत ‘व्ही’ हा सविस्तर पर्याय द्यावा. आलेल्या यादीत आपल्या अलायसखाली (नोंदीच्या नावाखाली) ‘प्रायव्हेट की एंट्री’ असे लिहिलेले असले पाहिजे आणि ‘सर्टिफिकेट चेन लेंग्थ’ या ओळीत दोन किंवा तीन असा आकडा असला पाहिजे. तेथे एक दिसला तर टॉमकॅट एकच प्रमाणपत्र पाठवणार. आपण दोनदा केलेल्या इम्पोर्टचे काय झाले, तेही याच यादीत कळेल. कीटूलचा इम्पोर्ट एकाच नावाने दोन वेगळी कामे करतो. दिलेला अलायस आधीच्या खासगी कीचा असेल, तर तो नव्या प्रमाणपत्राला त्या कीचे उत्तर समजतो आणि ‘सर्टिफिकेट रिप्लाय वॉज इन्स्टॉल्ड’ असे म्हणतो. अलायस नवा असेल, तर तो प्रमाणपत्राला केवळ विश्वसनीय नोंद म्हणून बाजूला ठेवतो आणि ‘सर्टिफिकेट वॉज अ‍ॅडेड’ असे म्हणतो. दोन्ही वाक्ये यशाचीच असल्यामुळे वाचणारा समाधानाने पुढे जातो. दुसऱ्या वाक्याने मात्र टॉमकॅट काय पाठवतो यात काहीच बदल झालेला नसतो, कारण त्या नोंदीला खासगी की नाही. आपल्याकडे बहुधा हेच घडले आहे. इंटरमिजिएटही अशीच स्वतंत्र नोंद म्हणून टाकून काम भागेल असे धरून चालू नये. विशेषतः जेकेएस या जावाच्या जुन्या की-स्टोअर स्वरूपात साखळी कीच्या नोंदीलाच जोडलेली असावी लागते.

दुरुस्ती सोपी आहे. एका साध्या मजकूर फाइलमध्ये आधी सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि त्याखाली इंटरमिजिएट, असा क्रम ठेवून सर्व एकत्र करावे. रूट पाठवण्याची गरज नसते, कारण ज्याच्याजवळ ते आधीच नाही तो आपण पाठवले म्हणून त्यावर विश्वास ठेवणार नाही. मग ओपनएसएसएलच्या ‘पीकेसीएस-१२’ उपआज्ञेने ‘एक्स्पोर्ट’ करताना ‘इन’मध्ये ही एकत्रित फाइल, ‘इन-की’मध्ये खासगी की आणि ‘नेम’मध्ये अलायस द्यावा. तयार झालेली फाइल कीटूलने उघडून साखळीची लांबी पाहावी आणि मगच ती टॉमकॅटच्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये नोंदवावी. त्या नोंदीत ‘सर्टिफिकेट की अलायस’ स्पष्ट लिहावा. तो लिहिला नाही तर टॉमकॅट की-स्टोअरमधील पहिली सापडलेली की उचलतो आणि जुन्या कीज साचलेल्या फाइलमध्ये पहिली कोणती सापडेल याचा भरवसा नसतो.

येथे एक उपसूचना. ओपनएसएसएल ३ने बनवलेल्या पीएफएक्स फाइलींत नवे कूटलेखन वापरलेले असते, जे जावा ८च्या ३०१व्या अद्ययावतापूर्वी आणि ११.०.१२पूर्वी समजत नव्हते. अशा जुन्या जावावर पासवर्ड बरोबर असूनही फाइल उघडत नाही. ‘लेगसी’ हा पर्याय देऊन फाइल पुन्हा बनवली की काम होते. जावा अद्ययावत करणे अर्थातच अधिक चांगले. मी स्वतः गेली काही वर्षे की-स्टोअरच्या फंदात पडतच नाही. टॉमकॅट ८.५पासून ‘सर्टिफिकेट फाइल’, ‘सर्टिफिकेट की फाइल’ आणि ‘सर्टिफिकेट चेन फाइल’ या गुणधर्मांतून पीईएम (साध्या मजकुराच्या) फाइली थेट देता येतात, आणि त्या फाइली कोणत्याही संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येतात.

टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स किंवा लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या अनेक यंत्रांवर वाटणारा) असेल, आणि टीएलएस (एसएसएलचेच आजचे रूप) तेथेच संपत असेल, तर वरील सर्व मजकूर त्या यंत्राला लागू होतो आणि टॉमकॅटचे की-स्टोअर कितीही नीट केले तरी बाहेरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एका संस्थेत आम्ही याच कारणाने दोन दिवस घालवले होते. चारपैकी एका नोडवर (सर्व्हर-यंत्रावर) जुनी फाइल राहिली होती, म्हणून दर चौथ्या विनंतीला त्रुटी येई आणि आम्ही जाळ्यात बिघाड शोधत बसलो होतो. त्रुटी कधी येते आणि कधी येत नाही, असे असेल तर प्रत्येक नोडच्या आयपीवर स्वतंत्रपणे एस-क्लायंट चालवावा आणि ‘सर्व्हरनेम’मध्ये मूळ यजमाननाव कायम ठेवावे.

आता समजा साखळी पूर्ण आहे आणि तरीही जावा नाकारतो. अशा वेळी दोष खरोखर क्लायंटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वसनीय रूट प्रमाणपत्रांच्या साठ्यात) असण्याची शक्यता वाढते. जावा हा कार्यप्रणालीचा किंवा ब्राउझरचा साठा मूलतः वापरत नाही. त्याची स्वतःची ‘सीएसर्ट्स’ नावाची फाइल असते. जावा ८मध्ये ती ‘जेआरई’खालील ‘लिब’मधील ‘सिक्युरिटी’ निर्देशिकेत आणि जावा ९पासून थेट ‘लिब’मधील ‘सिक्युरिटी’ निर्देशिकेत आढळते. तिचा परंपरागत पासवर्ड ‘चेंजइट’ आहे. तो वीस-पंचवीस वर्षे कोणीही बदललेला नाही, हा विनोद जुना झाला आहे. त्याच निर्देशिकेत ‘जेएसएसई-सीएसर्ट्स’ नावाची फाइल असेल तर जावा तिला प्राधान्य देतो आणि ‘सीएसर्ट्स’कडे पाहतही नाही. पूर्वी कोणी तरी ती करून ठेवलेली असते आणि तो माणूस आता दुसरीकडे नोकरीला असतो.

एका साठ्यात असलेले रूट दुसऱ्यात नसणे यात विशेष काही नाही. जुलै २०१४मध्ये एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या) प्रमाणपत्र-यंत्रणेकडून अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघड झाले, तेव्हा भारताच्या सीसीएचे (प्रमाणपत्र-संस्थांवरील सरकारी नियंत्रकाचे) रूट मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात होते, त्यामुळे विंडोजवरील अनेक प्रणालींना धोका पोहोचला. स्वतःचा साठा बाळगणाऱ्या फायरफॉक्समध्ये ते रूटच नव्हते. जावाचे साठेही काळानुसार बदलतात. २०१८मध्ये आलेल्या जावा १०पूर्वी ओपनजेडीके या जावाच्या मुक्त आवृत्तीच्या मूळ बांधणीतील ‘सीएसर्ट्स’ रिकामी असे. लेट्स एन्क्रिप्टचे आयएसआरजी रूट एक्स-१ जावा ८च्या १४१व्या अद्ययावतात, म्हणजे २०१७मध्ये, आले. त्याआधीच्या जावावर अडकलेल्या प्रणाली ३० सप्टेंबर २०२१ रोजी जुने डीएसटी रूट एक्स-३ कालबाह्य झाल्यावर लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांपुढे अडखळल्या. उलट दिशेचे उदाहरण एन्ट्रस्ट या प्रमाणपत्र-संस्थेचे आहे: ११ नोव्हेंबर २०२४नंतर त्यांच्या रूटखाली दिलेली सर्व्हर-प्रमाणपत्रे अद्ययावत जावा नाकारतो, जरी रूट साठ्यात असले तरी. तेव्हा जावा फार जुना असणे आणि नुकताच अद्ययावत केलेला असणे, ही दोन्ही कारणे संभवतात.

रूट खरोखरच नसेल, जसे अंतर्गत यंत्रणेच्या बाबतीत घडते, तर ते ट्रस्टस्टोअरमध्ये घालावे. रूटच घालावे, सर्व्हरचे प्रमाणपत्र नव्हे. सर्व्हरचे प्रमाणपत्र घातले तर आज काम होते, नूतनीकरणाच्या दिवशी सकाळी पुन्हा तीच त्रुटी येते, आणि दरम्यान ही तजवीज कोणाच्याही लक्षात राहिलेली नसते. ही फाइल जेडीकेच्या आत बदलावी का? मी बदलत नाही, कारण पुढच्या अद्ययावतात जुनी निर्देशिका जाते आणि तिच्यासोबत आपली नोंदही. डेबियन व उबुंटूवर जावाची फाइल ‘ईटीसी’खालील एसएसएलच्या निर्देशिकेत असते, रेड हॅटवर ‘पीकेआय’खाली, आणि दोन्हीकडे कार्यप्रणालीच्या आज्ञेने रूट जोडले की वितरणासोबत आलेल्या जावालाही ते मिळते. बाहेरून उतरवलेल्या जेडीकेला मात्र नाही. अशा वेळी मूळ ‘सीएसर्ट्स’ची प्रत करावी, तीत आपले रूट घालावे आणि ‘जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर’ या प्रॉपर्टीत प्रतीचा मार्ग द्यावा. प्रत करावी असे मी मुद्दाम म्हणतो, कारण ही प्रॉपर्टी मूळ साठ्यात भर घालत नाही, तो पूर्णपणे बदलते. केवळ अंतर्गत रूट असलेली फाइल दिली, की अंतर्गत सेवा चालू लागतात आणि पेमेंट गेटवेपासून एसएमएस पाठवणाऱ्या सेवेपर्यंत बाहेरचे सारे बंद पडते. मार्गात टंकलेखनाची चूक असेल तर जावा फाइल सापडली नाही असे सांगतही नाही. तो रिकामा साठा धरून चालतो आणि ‘ट्रस्ट अँकर्स पॅरामीटर मस्ट बी नॉन-एम्प्टी’ अशी गूढ ओळ छापतो. ती ओळ दिसली की आधी मार्ग आणि वाचनाची परवानगी पाहावी.

विनंती पाठवणारी प्रणालीही टॉमकॅटमध्येच असेल, तर आणखी एक गैरसमज आड येतो. ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये ट्रस्टस्टोअरसाठी जे गुणधर्म आहेत, ते टॉमकॅटकडे येणाऱ्या क्लायंटची प्रमाणपत्रे तपासण्यासाठी आहेत. आपला अ‍ॅप बाहेर जी विनंती पाठवतो तिच्याशी त्यांचा संबंध नाही. बाहेरच्या विनंतीसाठी वरील प्रॉपर्टी ‘सेटएन्व्ह’ फाइलमध्ये ‘कॅटलिना ऑप्ट्स’मध्ये द्यावी. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ही फाइल वाचलीच जात नाही आणि तेथे सर्व्हिसच्या व्यवस्थापन खिडकीतील जावा विभागात ओळ घालावी लागते. हे केल्यावर चालू प्रक्रियेने ते खरोखर घेतले का, हे जावाच्या ‘जेसीएमडी’ या साधनाने सिस्टिम प्रॉपर्टीज मागवून पाहावे. तेथेच ‘जावा डॉट होम’ही दिसते आणि आपण दिवसभर ज्या जावाची ‘सीएसर्ट्स’ सुधारत होतो तो हा नव्हेच, असा शोध अनेकांना येथे लागतो. ट्रस्टस्टोअर प्रक्रिया सुरू झाल्यावर एकदा वाचला जातो, म्हणून बदलानंतर रीस्टार्ट आवश्यक आहे.

घरून चालते पण कार्यालयातून चालत नाही, असा प्रकार असेल तर एस-क्लायंटच्या उत्तरातील ‘देणारा’ ही ओळ काळजीपूर्वक वाचावी. तेथे प्रमाणपत्र-संस्थेऐवजी फायरवॉलचे नाव असेल, तर कार्यालयाचे जाळे वाहतूक मध्येच उलगडून पाहत आहे. त्याचे रूट विंडोजमध्ये व्यवस्थापकांनी आधीच पसरवलेले असते, म्हणून ब्राउझर तक्रार करत नाही. विकासकाच्या विंडोज यंत्रावर ट्रस्टस्टोअरचा प्रकार ‘विंडोज-रूट’ असा दिला की जावाही तोच साठा वापरतो.

संदेशातील एका शब्दाकडेही लक्ष द्यावे. ‘पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणजे रूटपर्यंतची साखळी जोडताच आली नाही. ‘पाथ व्हॅलिडेशन फेल्ड’ म्हणजे साखळी मिळाली पण एखाद्या नियमात ती बसली नाही: मुदत संपली, घड्याळ चुकले, किंवा सही बंदी घातलेल्या जुन्या पद्धतीची आहे. ‘नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ हा विश्वासाचा प्रश्नच नाही, ज्या नावाने हाक मारली ते नाव प्रमाणपत्रात नाही एवढेच. तीनही ठिकाणी ट्रस्टस्टोअरमध्ये इम्पोर्ट करत बसणारे लोक मी पाहिले आहेत. आणखी एक जुने भूत म्हणजे ‘जेएसएसई डॉट एनेबल-एसएनआय-एक्स्टेन्शन’ ही प्रॉपर्टी. कोणते यजमाननाव हवे आहे ते सर्व्हरला आधीच कळवण्याची सोय (एसएनआय) ती चालू-बंद करते. जावा ७च्या काळात ‘अनरेकग्नाइज्ड नेम’ ही त्रुटी टाळण्यासाठी ती बंद ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. आजही एखाद्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ती तशीच पडलेली असते, आणि मग एकाच आयपीवरील अनेक संकेतस्थळांपैकी भलत्याच स्थळाचे प्रमाणपत्र जावाला मिळते, तर एस-क्लायंटला योग्य तेच मिळते.

आता सहकाऱ्याच्या कोडविषयी. सर्व प्रमाणपत्रे मान्य करणारा ट्रस्ट मॅनेजर (प्रमाणपत्र तपासणारा जावातील घटक) लिहिला की वाहतूक कूटबद्धच राहते, पण कोणासाठी कूटबद्ध केली जात आहे हे तपासणे थांबते. मध्ये बसलेला कोणीही स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करून पासवर्ड व टोकन वाचू शकतो आणि लॉगमध्ये त्याची एकही ओळ उमटत नाही. हा कोड बहुधा ‘तात्पुरता’ या टिपणीसह येतो. त्यातही एचटीटीपीएस जोडणीचा सामायिक एसएसएल-संदर्भच बदलला असेल, तर त्याच प्रक्रियेत तो मूलभूत संदर्भ वापरणाऱ्या इतर जोडण्यांची तपासणीही बंद होते, ज्यांना मुळात काही अडचण नव्हती.

नवी फाइल बसवल्यावर एस-क्लायंटची तपासणी आपल्या बसवणीच्या स्क्रिप्टमध्येच घालावी आणि संकेतांक शून्य नसेल तर स्क्रिप्ट थांबवावी. प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६पासून २०० दिवसांवर येते आणि १५ मार्च २०२९पासून ती ४७ दिवस होणार आहे. तेव्हा हे काम हाताने करत राहणे पुढे शक्य होणार नाही.

साखळी पूर्ण करूनही त्रुटी कायम राहिली, तर क्लायंट ‘जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग’ या प्रॉपर्टीत ‘एसएसएल, हँडशेक’ हे मूल्य देऊन एकदा चालवावा आणि त्या नोंदीतील सर्व्हरने पाठवलेल्या प्रमाणपत्रांचा भाग, एस-क्लायंटचे साखळीचे उत्तर आणि क्लायंटच्या जावाची नेमकी आवृत्ती एवढे तीन तपशील कळवावेत. खासगी की अथवा की-स्टोअरची फाइल मात्र कोणालाही पाठवू नये.